रॉस नॉस्केची धक्क्याची शर्यत

रॉस नॉस्के माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या हकिकतीत तो बऱ्याच ठिकाणी मान खाली घालून उभा आहे. बॅरो पॉइंटला त्याचं टायरचं दुकान होतं. साठी उलटलेली, खांदे बैलासारखे, हात कायम काळे. अडल्या माणसाची गाडी तो रविवारीसुद्धा जॅकवर चढवायचा. फक्त एक खोड होती. मला हे जमत नाही, असं म्हणायला त्याची जीभ रेटत नसे.

त्याला पोहता येत नव्हतं. म्हणजे अगदीच येत नव्हतं असं नाही. तो समुद्रापासून लांब आत, गव्हाच्या पट्ट्यात वाढलेला. तिथे पाणी म्हणजे मेंढ्यांसाठी खणलेलं तळं. त्यात पोरं डोकं वर काढून जसे हातपाय मारतात, तेवढंच त्याला येत होतं. लग्न मात्र केलं किनाऱ्यावरच्या ग्लेनिसशी. तिच्या माहेरचे सगळे पाण्यातले. दर जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, बॅरो पॉइंटच्या समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याच्या टोकावरून उड्या टाकून पुळणीपर्यंत पोहत यायची शर्यत असते. ग्लेनिस आणि तिची बहीण डॉरीन लग्नाआधी दरवर्षी त्यात असायच्या. पुढे ग्लेनिसचा खांदा गेला आणि तिचं पोहणं सुटलं. ती शर्यतीच्या दिवशी तंबूत चहा ओतायला उभी राहायची आणि नजर सारखी समुद्राकडे.

एका नाताळच्या जेवणाला सगळे डॉरीनच्या पडवीत बसले होते. कोळंबी सोलता सोलता डॉरीन म्हणाली, "आपल्या घरातलं आता कोणीच शर्यतीत नसतं. रॉसला उतरवायचं तर ट्यूबमध्ये बसवून दोरीने ओढावं लागेल."

सगळे हसले. ग्लेनिसही हसली. रॉसने कोळंबीचं डोकं मोडून ताटात टाकलं आणि म्हणाला, "यंदा मी पोहतोय. बघच तू."

"शुद्धीत आहेस ना?" डॉरीन म्हणाली.

पण ग्लेनिसने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला माघार घेता येईना. हे सगळं त्यानेच मला पुढे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तिने तसं माझ्याकडे कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं गं, मार्ज."

शर्यतीच्या दिवशी तो ताकदीवर पोहला. सुरुवातीला चार जणांच्या पुढेही गेला. पण डोकं वर, मान ताठ, त्यामुळे पाय खाली लोंबकळणारे. छातीत कोंडून धरलेला श्वास. अर्ध्या वाटेवर एक लाट तोंडात गेली, दुसरी नाकात, आणि मग त्याला खाली फक्त काळं पाणी दिसायला लागलं. जीव वाचवायला फिरणारी रबरी होडी जवळ आली तशी त्याने तिची दोरी पकडली, ती सोडेचना. होडीत किम पॅजेट होता. गळ आणि आमिष विकतो तो.

"बस झालं रॉस," किम म्हणाला. "चढ वर."

वर ओढून घेतल्यावर रॉसला उलटी झाली. तोंड पुसत तो म्हणाला, "मला तिकडे सोड. होड्या उतरवतात त्या उताराच्या पलीकडे. सगळ्यांसमोर नको."

किमने काही न विचारता त्याला कमरेएवढ्या पाण्यात सोडलं आणि वायरलेसवर कळवलं, एक जण शर्यतीतून बाहेर पडला, सुखरूप आहे. नाव कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

गाडीत जाऊन बसावं असं रॉसच्या मनात होतं. पण गाडीची किल्ली ग्लेनिसकडे. तिच्यापर्यंत जायचं तर पाण्याच्या कडेनेच जायला हवं. तो तसाच गेला, डोक्यावर शर्यतीची टोपी, धापा टाकत. त्याच वेळी पोहून आलेली माणसं पाण्यातून बाहेर पडत होती. त्या गर्दीत एका मुलीने येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालता घालता त्याच्याही गळ्यात घातलं. नको म्हणायला त्याने हात वर केला होता. पण तेवढ्यात ग्लेनिस चहाची किटली तशीच टाकून पळत आली आणि त्याला मिठी मारून रडायला लागली.

"मला वाटलं होतं तू मध्येच सोडशील," ती म्हणत होती. "देवाशप्पथ, मला तसंच वाटलं होतं."

वाक्य त्याच्या तोंडाशी आलं होतं. किमने मला बाहेर काढलं, एवढंच म्हणायचं होतं. मागून डॉरीन आली, तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "शब्द मागे घेते बाबा." आणि ते वाक्य गिळलं गेलं. तो खोटं काहीच बोलला नाही. नुसता गप्प बसला. पुढे तो म्हणायचा, बोललो असतो तर निदान काय बोललो ते तरी आठवलं असतं.

ग्लेनिस पोस्टाच्या खिडकीवर काम करायची. म्हणजे आठवड्याच्या आत गावात प्रत्येकाला कळलं की रॉस नॉस्केने साठीनंतर धक्क्याची शर्यत पुरी केली. बेकरीवाल्याने मांसाचं सारण भरलेल्या पेस्टीबरोबर एक बन फुकट दिला. दुकानात टायर बदलायला आलेली माणसं हात मिळवू लागली. ग्लेनिसने पदक स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगलं. भांडी घासताना ते नाकासमोर लोंबायचं. रॉसने भांडी घासायचं टाळायला सुरुवात केली, तर ती म्हणाली, "आता मोठा माणूस झालास."

त्याला सगळ्यात नकोसा झाला तो किम. रस्त्यात दिसला की रॉस पलीकडे जायचा. किम काहीच बोलायचा नाही, नुसती मान हलवायचा, पूर्वी हलवायचा तशीच. एकदा बँकेच्या दारात दोघे समोरासमोर आले.

"बरा आहेस ना?" किमने विचारलं.

"बरा आहे."

"मी कोणाला काही बोललेलो नाही. बोलणारही नाही."

हे ऐकून रॉसला हायसं वाटायला हवं होतं. उलट त्याच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तो म्हणाला, "मला काम आहे," आणि बँकेत न जाताच परत फिरला.

मग त्याने ठरवलं की पुढच्या वर्षी ती शर्यत खरोखरच पोहायची. एकदा खरं पोहलो की मागचं खोटंही त्यात मिटून जाईल, अशी त्याची समजूत. बॅरो पॉइंटला शिकण्याची सोय नव्हती, आणि असती तरी तो गेला नसता. म्हणून दर गुरुवारी जुने टायर गोळा करायला जातो असं ग्लेनिसला सांगून तो आमच्या मिंडाऱ्याला येऊ लागला. तासाभराचा रस्ता. आमचा पोहण्याचा तलाव छपराखालचा, कोमट पाण्याचा, थंडीतही चालू. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते तिथे. आला, आणि थेट जलद पोहणाऱ्यांच्या लेनमध्ये उतरला. हात असे आपटत होता की माझ्या लेनमध्ये लाटा येत होत्या. अर्ध्यातच दोरी धरून उभा राहिला, चेहरा बिटासारखा लाल. व्हूलाने शिट्टी वाजवली. व्हूला आमची शिकवणारी. ग्रीक आईबापांची, बुटकी, डोक्यावर सदा एक गवती टोपी, छपराखालीसुद्धा. तिचा आवाज तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचायचा.

"अरे बाबा, पाण्याने तुझं काय घोडं मारलंय?"

"मला जरा वेग वाढवायचा आहे," रॉस म्हणाला.

"कसला वेग? तू बुडतोयस. ये इकडे, मार्जच्या लेनमध्ये."

मार्ज म्हणजे मी. पंचवीस वर्षं इथल्या दवाखान्यात नर्स होते. निवृत्तीनंतर कमरेचा सांधा बदलला, तेव्हापासून सर्वांत हळू लेन माझीच. रॉस दोरीखालून आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

व्हूलाने त्याला आधी पोहूच दिलं नाही. भिंतीला धरून तोंड पाण्यात घालायचं आणि गुणगुणायचं. हवा बाहेर सोडायची, कोंडून धरायची नाही. शेजारी शाळेतली छोटी पोरं हेच करत होती. एकीने त्याला विचारलं, "तुम्हाला पण भीती वाटते?" रॉस पुन्हा पाण्यात तोंड घालून बसला. त्या दिवशी तो बराच वेळ वर आला नाही.

मग कुशीवर तरंगणं. एक हात पुढे लांब, कान त्या दंडावर टेकलेला, एक डोळा पाण्यात, एक बाहेर, आणि पाय कमरेपासून हलवायचे. त्याचे पाय गुडघ्यातून चालायचे.

"सायकल नको चालवूस," व्हूला ओरडायची. "सायकलने यायचं असतं तर रस्त्याने आला असतास."

तो जागच्या जागी राहायचा. कधीकधी तर मागे जायचा. मी माझ्या नव्या सांध्यानिशी त्याच्या शेजारून पुढे जायचे आणि परत येताना तो तिथेच. एकदा तो दोरीला टेकून म्हणाला, "तुमचं श्वास घेताना डोकं वरच येत नाही. कसं काय?" मी सांगितलं की डोकं उचलू नका, नुसतं कुशीवर वळा, पलंगावर वळता तसं, तोंड आपोआप बाहेर येतं. त्याने करून पाहिलं. पाणी गेलं तोंडात. परत करून पाहिलं. त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी एवढी एकच गोष्ट किती गुरुवार घोटली कोण जाणे.

पुढे एक हात पुढे येऊन दुसऱ्या हाताला शिवेपर्यंत दुसऱ्याने हलायचं नाही, ही कसरत. त्याला ती सोसायची नाही. त्याचे हात वाट पाहणारे नव्हतेच. मग मुठी वळून पोहणं, म्हणजे तळव्याऐवजी कोपराखालच्या अख्ख्या हाताने पाणी धरायची सवय लागते. मग बोटांची टोकं पाण्यावर रेघ ओढल्यासारखी नेत हात पुढे आणायचा, कोपर वर. व्हूला काठाकाठाने चालत असायची. "कोपर. कोपर रे. टायर बदलतोयस का पोहतोयस?" त्याने आपला धंदा तिला सांगितला होता, तेवढंच खरं सांगितलं होतं. का शिकायचंय असं विचारलं तर म्हणायचा, "उगीच. तब्येतीसाठी."

वसंत लागेपर्यंत त्याचा आवाज बंद झाला. म्हणजे पाण्याचा. पूर्वी तो तलावात असला की बाहेर कळायचं. आता मान वळवून पाहावं लागायचं. एक हात पुढे जाऊन दुसऱ्यासाठी थांबायला लागला, पाय वर आले. व्हूला मला हळूच म्हणाली, "बघ, म्हातारा शिकला." त्याला मात्र तिने काही सांगितलं नाही.

आणि मग तो गुरुवार. बॅरो पॉइंटचा एक ट्रकवाला, डग, गव्हाची खेप टाकून जाताना अंघोळीला आमच्या तलावावर आला. आम्ही दोघं भिंतीशी उभे होतो, व्हूला काठावर.

"काय रे रॉस," डग म्हणाला, "धक्क्याची शर्यत मारणारा पठ्ठ्या, आणि म्हाताऱ्यांच्या लेनमध्ये?"

रॉस हसला. ते हसू मला अजून आठवतं. ते त्याच्या चेहऱ्यावर नीट बसलंच नाही. "या बाईंना जरा शिकवतोय," तो म्हणाला. "श्वास घ्यायला जमत नाही त्यांना."

डग म्हणाला, "भला माणूस आहेस," आणि शॉवरकडे गेला.

व्हूलाने शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली, सोडली. रॉस पाण्याकडे पाहत राहिला. मग पायऱ्या चढून कपडे बदलायच्या खोलीत गेला तो परत आलाच नाही. त्याचा टॉवेल काठावर राहिला.

पुढच्या गुरुवारी तो नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारी आला, पोहायच्या कपड्यांत नाही, दुकानातल्या कपड्यांत. आम्हा दोघींना म्हणाला, "जरा बसता का?" आणि बाकावर बसून त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं: कोळंबी, होडी, पदक, किम, जुने टायर. सांगताना तो आमच्या पायांकडे पाहत होता.

व्हूलाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते शर्यतीचं तू आणि तुझी बायको बघा. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. पण मार्जने तुला श्वास घ्यायला शिकवलं. आणि तू माझ्यासमोर, तिच्यासमोर, उलटं सांगितलंस."

"हो," रॉस म्हणाला.

"का?"

"तोंडातून निघून गेलं. आता ते निघूनच जातं. आधी मला प्रयत्न करावा लागायचा."

मला राग आला होता, खोटं का सांगू. पण मी नर्स होते. हॉस्पिटलात माणसं असं पायांकडे बघून बोलायला लागली की मी कधी मध्ये बोलत नसे. मी एवढंच म्हटलं, "डगला सांग मग."

"सांगतो."

"आणि ग्लेनिसला," व्हूला म्हणाली.

"शर्यत झाली की सांगतो. आधी पोहू दे. मग सांगताना हातात काहीतरी असेल."

व्हूलाने खांदे उडवले. "कपडे बदलून ये. कोपर अजून पडतंय तुझं."

जानेवारीत मी बॅरो पॉइंटला गेले, मुद्दाम त्याची शर्यत बघायला. पुळणीवर वारा होता, समुद्र काही फार शांत नव्हता. माणसं टोकावरून उतरली, पांढऱ्या टोप्या पसरल्या. मी त्याला शोधलं आणि बराच वेळ सापडला नाही, कारण तो आता इतरांसारखाच दिसत होता. मध्यावर त्याला लाटांनी धरलं असावं. त्याने मला नंतर सांगितलं, तिथे पुन्हा तोंडात पाणी गेलं, जुनी भीती परत आली. तेव्हा तो कुशीवर वळला, कान दंडावर टेकवला आणि नुसते पाय हलवत पडून राहिला, तलावात पडायचा तसा. किमची होडी जवळ आली.

"ठीक आहेस?"

रॉसने मान हलवली, एक श्वास घेतला आणि परत हात टाकायला लागला. होडीकडे हात गेला नाही.

तो आला तो जवळजवळ शेवटी. त्याच्या मागे दोन-तीनच होते. पदक गळ्यात पडलं, त्याने ते हातात घट्ट धरलं, आणि तंबूकडे पाहिलं. ग्लेनिस कोणाला तरी बिस्किटं देत होती. तिने पाहिलं, हात पुसत आली.

"इतका वेळ?" ती म्हणाली. "मला काळजी वाटायला लागली होती. गेल्या वर्षी तर केवढा लवकर आला होतास."

डॉरीन मागून म्हणाली, "वय झालं गं त्याचं. एका वर्षात माणूस उतरतो."

मी चार पावलांवर उभी होते. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. वर्षभर घासून जे मिळवलं होतं, ते त्याच्या हातात होतं आणि त्याची किंमत तिथे कोणालाच कळणार नव्हती. आणि ती कळू नये अशी सोय त्यानेच करून ठेवली होती.

त्याने त्याच संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळी, ग्लेनिसला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही, सोलत राहिली. सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "किमला माहीत होतं?"

"हो."

"किम दर सोमवारी माझ्याकडे पार्सलं टाकायला येतो. दर सोमवारी मी त्याला तुझं कौतुक सांगितलंय. रॉसने असं केलं, रॉसने तसं केलं. तो ऐकून घ्यायचा. छान, म्हणायचा."

"तो चांगला माणूस आहे."

"मला माहीत आहे तो चांगला आहे," ग्लेनिस म्हणाली. "म्हणूनच आता मी त्याच्याकडे कशी बघू?"

रॉसने तिला सांगायचा प्रयत्न केला की आज मात्र मी खरंच पोहलो, पूर्ण, कोणाला न धरता. ती म्हणाली, "मी पाहिलं ना तुला येताना. आणि मी काय बोलले तुला? उशीर झाला म्हणाले." तेवढं म्हणून तिला रडू आलं, आणि ते त्याच्यासाठी होतं की स्वतःसाठी, हे त्याला कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. तिने खिडकीवरचं पहिलं पदक काढलं. नवं तिथे लावलं नाही. ते त्याच्या गाडीच्या कप्प्यात पडलं.

डॉरीनला सांगायला तिने त्याला एकट्याला पाठवलं. "मी येणार नाही," म्हणाली. "तिच्यासमोर वर्षभर मान वर करून फिरलेय मी." तो गेला. डॉरीन चेष्टा करेल, निदान हसेल, अशी तयारी करून गेला होता. ती हसली नाही. पडवीत बसून ऐकलं आणि म्हणाली, "त्या दिवशी मी ते ट्यूबचं बोलायला नको होतं." रॉस म्हणाला, तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

डगलाही त्याने कबूल केल्याप्रमाणे सांगितलं. गावात बातमी पसरली, पण हळूहळू. ग्लेनिस पोस्टात आपणहून कोणाला सांगत नव्हती, पण कोणी रॉसचं कौतुक काढलं की मान न उचलता म्हणायची, "पहिल्या वर्षी त्याला होडीने आणलं होतं. दुसऱ्या वर्षी तो स्वतः आला." एवढंच, आणि तिकिटं फाडून द्यायची. दोन-तीन महिने तिला ते म्हणणं जड गेलं. बेकरीवाला काही दिवस रॉसशी तुटक वागला, मग विसरला. किमच्या दुकानात रॉस एकदा गेला, आमिषाची पिशवी घेतली, आभार मानायला तोंड उघडलं. किम म्हणाला, "राहू दे. मासे पकडता येतात का तुला, की तेही नाही?" रॉस म्हणाला, "नाही येत." त्या दोघांच्यात तेवढ्यावर मिटलं.

रॉस अजून गुरुवारी मिंडाऱ्याला येतो. जुन्या टायरांचं निमित्त आता लागत नाही. एका गुरुवारी ग्लेनिस त्याच्याबरोबर आली. पाण्यात उतरली नाही; काठावरच्या बाकावर कोट घालूनच बसली, मांडीवर थर्मास. तो पोहत होता. मी बाहेर येऊन तिच्याशेजारी टॉवेल अंगावर घेऊन बसले. ती मला ओळखत होती, म्हणजे माझ्याबद्दल ऐकून होती.

"तुम्हीच ना, श्वास घ्यायला शिकवलंत," ती म्हणाली.

"मी एवढंच सांगितलं की मान उचलू नको."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो भिंतीला शिवून वळला, परत निघाला. आमच्यासमोरून जाताना त्याला माहीत होतं की आम्ही बघतोय. मला ते त्याच्या हातांवरून कळत होतं, ते जरा घाईत आले होते.

"डावा हात आत जातो त्याचा," ग्लेनिस म्हणाली. "डोक्यापुढून पलीकडे. म्हणून तो वाकडा जातो."

"सांगा की त्याला."

"बघते," ती म्हणाली, आणि थर्मासचं झाकण उघडून माझ्यासाठी चहा ओतला.